सगळ्यात स्वच्छ चिठ्ठी

आमच्या स्वयंपाकघरातल्या डावीकडच्या कपाटाचं दार बाहेरून साधं, पांढरं. उघडलं की आत नुसता बाजार भरलेला. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. बिलांच्या पाठीवर लिहिलेल्या, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या, एक तर फाटलेल्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात आम्हा मोठ्यांचं: सूपला पाणी किती, पावाचं पीठ थंडीत किती वेळ झाकायचं, ओव्हन डावीकडे जास्त तापतो म्हणून ट्रे मधेच फिरवायचा. खालचा अर्धा भाग मुंगीचा.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. अडीच वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण फरशीवर कुठेही खाण्याचा कण पडला की ही कुठूनही बरोबर तिथे येऊन बसते, म्हणून मुंगी. दुसऱ्या कुणाच्या पोरीची ही सवय नुसती गोड म्हणून सांगितली असती. आमच्याकडे तिच्यामुळे माझी झोप उडालेली. कारण मुंगीला दूध चालत नाही. दुधाचा अंश पोटात गेला की अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि ती माझ्याकडे अशी बघते, जणू मीच काहीतरी करतेय.

डॉक्टरांनी त्यावर एक शिडी दिली होती. त्यांचाच शब्द. पहिल्या पायरीवर बिस्किट, त्यात दुधाची पावडर अगदी नावाला, खरपूस भाजलेली. ते बरेच दिवस पचलं की वरची पायरी, पावडर जरा जास्त. मग आणखी वरची. "घाई करायची नाही," ते म्हणाले होते, "घसरलं की पुन्हा तळाशी."

मी ती शिडी दारावर चिकटवली. बिस्किट तेच, पीठ तेच, केळं तेच, तेल तेच. चिठ्ठीगणिक बदलायची ती फक्त पावडर. सगळ्यात खाली पहिली पायरी, सगळ्यात वर शेवटची, आणि ज्या पायरीवर आम्ही आहोत त्या चिठ्ठीला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा. नंबर घातले नव्हते. शिडीला कुणी नंबर घालतं का? खालच्या चिठ्ठ्या तेलकट, केळ्याच्या बोटांनी माखलेल्या, अक्षरं पसरलेल्या. वरच्या कोऱ्या करकरीत. माझ्या नवऱ्यालाही हे पाठ होतं. चिमटा जिथे, बिस्किट तिथलं. त्याला स्वयंपाकातलं दुसरं काही येत नाही, पण हे यायचं, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता!

चिमटा अर्ध्यावर आला तेव्हा मी पाळणाघरवाल्या बाईंना फोन केला. त्या आधीच म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे एकाचा पेला दुसऱ्याच्या तोंडाला लागतो हो. सांडलेलं दूध मी किती पुसणार? शिडी अर्धी चढली की घेऊन या, मग माझा जीव टांगणीला नको." मग मी चष्म्याच्या दुकानात फोन केला. मूल व्हायच्या आधी मी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचे, फ्रेमच्या मापात बसवायचे. मालकीणबाईंनी माझी जागा धरून ठेवली होती. म्हणाल्या, "एक तारखेपासून ये. त्याआधी एका शनिवारी दिवसभर येऊन नवीन मशीन शिकून घे."

त्या शनिवारी मी गेले. मशीन शिकले. दुपारचा डबा दोन्ही हातांनी, बसून, गरम असताना खाल्ला. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांना लहान मूल नसावं. संध्याकाळी नखांत काचेची पांढरी भुकटी घेऊन घरी परतले ती जवळजवळ गात गात.

दार उघडलं तर समोर नवरा, त्याच्या मागे माझी नणंद. दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लोकांची घरं लावून देणं हा तिचा धंदा. पसाऱ्याचा फोटो काढायचा, घर लावायचं, मग पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी लोकांना दाखवायचे, असं ते काम. त्यात ती हुशार आहे, हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही.

"डोळे मीट," ती म्हणाली. "आता उघड. कामावर जायला लागलीस ना, त्याची भेट!"

स्वयंपाकघर ओळखू येत नव्हतं. सगळ्या बरण्या एका मापाच्या, एका रांगेत, प्रत्येकीवर सुबक अक्षरात नाव. ओट्यावर लाकडी पेटी, पेटीत जाड कार्डं, कार्डांना रंगीत कोपरे: सूप, पाव, भाज्या, बिस्किटं. लिंबाच्या साबणाचा वास. मी "छान" म्हटलं. सवयीने तोंडातून निघतं ते छान. आणि मग डावीकडचं कपाट उघडलं.

दार आतून पांढरं होतं. घासून घासून आरशासारखं केलेलं.

"ते दार!" नणंद म्हणाली. "अगं, गोंदाचे डाग काढता काढता माझी नखं गेली. काय करून ठेवलं होतंस ते?"

"चिठ्ठ्या कुठायत?"

"घाबरू नको, सगळं कार्डांवर उतरवलंय. फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होती ती काढून टाकली. एकच बिस्किट किती वेळा लिहून ठेवलं होतंस गं तू? डोकं ठिकाणावर होतं ना?" ती हसली. "बाकीच्यांची तर लक्तरं झाली होती. त्यातली सगळ्यात स्वच्छ होती ती घेतली."

सगळ्यात स्वच्छ.

मी वळले. मुंगी तिच्या उंच खुर्चीत बसली होती, दोन्ही गालांना चुरा, हातात अर्धं बिस्किट. मला बघून तिने ते उंच धरलं. "आई, बिकिट!" ते बिस्किट नेहमीपेक्षा जास्त तांबूस दिसत होतं. पावडर जास्त पडली की तसाच रंग येतो.

"हे कुणी केलं?"

"मी!" नवरा म्हणाला. अजून हसत होता. "कार्ड बघून. काय सोपं झालंय सगळं!"

मी तिच्या हातातून बिस्किट काढून घेतलं, तोंडात बोट घालून उरलेलं काढलं. ती रडायला लागली. रडताना तिच्या हनुवटीखाली पहिली गांध उठताना मी पाहिली, मग मानेवर दुसरी, मग ओठ.

"औषध! औषध कुठंय?"

ते दाराच्या आतल्या खिळ्याला पिशवीत लटकवलेलं असायचं. खिळाही काढला होता. खरं सांगायचं तर औषध नणंदेलाच चटकन सापडलं. वरच्या फळीवर 'औषधे' असं लिहिलेल्या डब्यात होतं, आणि ती एका झेपेत स्टुलावर चढली. तेवढं मी तिच्या बाजूने लिहून ठेवते. पुढचं नाही.

मुंगी वाचली, म्हणजे धोका तसा लांबच राहिला. दवाखान्यात दोन तास तिला माझ्या अंगावर घेऊन बसले. हळूहळू गांधी बसल्या, ओठ पूर्ववत झाले, आणि ती डॉक्टरांच्या खिशातलं पेन मागायला लागली. डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एकदम शेवटच्या पायरीचं दिलंत. शरीर आता दूध म्हटलं की बिचकणार. थोडे दिवस काहीच नको. मग पहिला घास इथे माझ्यासमोर, आणि पुन्हा तळापासून."

पुन्हा तळापासून. एवढ्या महिन्यांची चढण. प्रत्येक नवीन पायरीला मी तिच्या शेजारी श्वास रोखून बसलेली, तिचा शर्ट वर करकरून पोट बघणारी. ते सगळं एका साबणाच्या फडक्यात पुसलं गेलं.

घरी येताना नवरा गाडी चालवत होता. तो लोकांना गाडी शिकवतो, त्यामुळे कितीही बिनसलं तरी त्याचे हात स्टिअरिंगवर शांत असतात. मला त्या शांत हातांचा राग आला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "चिमटा. शिडी. तुला सगळं माहीत होतं."

"चिमटा दिसला नाही. मी ताईला विचारलं. ती म्हणाली सगळ्या एकच होत्या. मला वाटलं, तिने नीट बघून घेतलं असेल."

"आणि मला फोन?"

"तुझा पहिलाच दिवस होता. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या सीटवर मुंगी झोपेत नाक फुरफुरवत होती. तिची मूठ माझ्या बोटाभोवती होती म्हणून मी ओरडले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीने मला तो फोटो पाठवला. "हे तुझंच दार ना?" नणंदेने तो शनिवारी, मी घरी पोचायच्या आधीच लोकांसमोर टाकला होता. डावीकडे माझं दार, चिठ्ठ्यांनी माखलेलं, मधे लाल चिमटा. उजवीकडे पांढरं, चकचकीत. डावीकडे लिहिलेलं 'पूर्वी', उजवीकडे 'आता'. खाली लोक. "बापरे, या घरात माणसं राहतात का?" "मला तर बघूनच खाज सुटली." "बिचाऱ्या बाळाचं काय होत असेल अशा घरात!" या शेवटच्यावर नणंदेने हसऱ्या चेहऱ्याची खूण केली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी मस्तकातून परत तळपायापर्यंत आली आणि तिथेच राहिली. चालताना लागायची.

पाळणाघरवाल्या बाईंनी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि नाही म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "एक तारीख म्हणजे एक तारीख. त्यापुढे मी थांबू शकत नाही, एक मुलगी विचारून गेलीय." त्यांचंही चूक नव्हतं. जगात कुणाचंच चूक नव्हतं आणि पोळत होते ते माझेच पाय.

"आणखी काही महिने घरी राहा," नवरा म्हणाला. भांडी विसळत होता, पाठमोरा. "नोकरी काय, पुन्हा मिळेल. शेवटी मुंगीसाठीच ना?"

मी हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. ओल्या फडक्याचा आवाज छान होतो. "शिडी तुम्ही दोघांनी मोडली, आणि खाली मी उतरायचं?"

"ताईने प्रेमाने केलं गं."

"प्रेमाने एक फोन करता आला असता."

त्याने नळ बराच वेळ चालू ठेवला.

नणंद मंगळवारी दुपारी आली. मुंगी नुकतीच झोपलेली. नणंदेच्या हातात मुंगीहून मोठं कापडी अस्वल. ते सोफ्यावर बसवून ती त्याच्या शेजारी बसली, आणि तिघांत तेच जास्त अवघडलेलं दिसत होतं.

"मी तीन रात्री झोपले नाहीये," ती म्हणाली. "माझं चुकलं. खरंच चुकलं. पण..."

"पणच्या पुढे जपून, ताई."

"पण तू लिहायचंस ना गं! नंबर घालायचेस. वर 'औषधासारखं आहे, हात लावू नका' असं काहीतरी. मला बाहेरच्या माणसाला कसं कळणार?"

"बाहेरच्या माणसाला कळण्यासाठी नव्हतंच ते. बाहेरच्या माणसाने माझं दार उघडलं कशाला?"

"अगं, मी बाहेरची?" तिचा आवाज चिरकला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, आत यावं की जावं ते न कळून.

"आत्ता तुम्हीच म्हणालात. ताई, तुम्हाला डागाळलेली चिठ्ठी घाण वाटली. वापरलेली वस्तूच डागाळते हो. जिच्यावर डाग नाही तिला अजून कुणी हातच लावला नव्हता. एवढंच बघायचं होतं. लोकांची घरं लावता तुम्ही! ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात सगळ्यात मळलेलं काय आहे, ते सगळ्यात आधी विचारायचं असतं."

तिने अस्वलाचा कान दोन बोटांत धरला होता, तो पिळत राहिली.

"तो फोटो," मी म्हटलं.

"काढून टाकते. आत्ता काढते." तिने घाईघाईने फोन काढला. "खरं तर परवाच काढणार होते..."

"काढू नका. मोठा करा."

"काय?"

"पूर्वीचा. मोठा करा आणि वाचा. वाचता येतंय का?"

तिने बोटांनी फोटो ताणला. चांगला कॅमेरा होता तिचा, धंद्याचा. खालच्या चिठ्ठीवरचं केळ्याचं बोटसुद्धा दिसत होतं. मूळ चिठ्ठ्या कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेल्या होत्या. मापं मला पाठ होती, पण प्रत्येक पायरीवर काय झालं, किती भाजलं की मुंगीने थुंकलं नाही, कुठल्या पायरीवर पोटावर पुरळ येऊन गेलं, हे मी कडेला बारीक अक्षरात लिहीत गेले होते. ते पाठ नव्हतं. ते आता फक्त त्या हसण्यासाठी काढलेल्या फोटोत होतं.

मी ओट्यावरची लाकडी पेटी उचलली, आतली कोरी कार्डं काढली आणि पेनासकट तिच्या पुढ्यात ठेवली.

"लिहा. सगळ्या. एकही गाळायची नाही. कडेचं पण. आणि मग जशा होत्या तशा लावा, खालून वर."

"तुझं अक्षर मला लागेल असं वाटत नाही," ती पुटपुटली, डोळ्यात पाणी आणि तरी सवयीने टोमणा.

"लागेल. वेळ आहे तुमच्याकडे."

ती लिहायला बसली. मी तिच्यासमोर उभी राहिले, कारण मला बसवत नव्हतं. मधेच तिने विचारलं, "हे काय लिहिलंय? 'हसली'?"

"चौथी बॅच. पहिल्यांदा मागून खाल्लं तिने. मागितलं आणि हसली."

नणंदेने ते लिहिलं. पेन थोडं अडलं, मग पुढे गेलं.

"आता पुढचं," मी म्हटलं. "एक तारखेला मी कामावर जाणार. पाळणाघर नाही म्हणतंय. म्हणजे मुंगी घरी राहणार. सकाळी तिच्याजवळ तुम्ही, दुपारी हा. गाडीचे धडे पहाटे आणि संध्याकाळी घेता येतात त्याला. तुम्हाला लोकांची घरं दुपारनंतर लावता येतील. शिडी अर्धी होईपर्यंत."

"अगं, माझी माणसं ठरलेली असतात. सकाळचीच मागतात..."

"मलाही एक दुकान ठरलेलं आहे."

"महिने लागतील!"

"लागतील. मला माहीत आहे किती लागतात. मी एकदा चढलेय."

तिने भावाकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. "ताई," तो म्हणाला, "मी पहाटेचे धडे घेतो. तू सकाळी ये. आपण दोघांनीच केलंय हे."

"तू पण?"

"मी पण. बिस्किट मीच भाजलं होतं."

ते वाक्य मला आधी हवं होतं. गाडीत हवं होतं. तरी मी ते घेतलं.

डॉक्टरांसमोरचा पहिला घास सुखरूप पार पडला, आणि एक तारखेला मी गेले. जाताना मुंगीने अस्वलाला माझ्याकडे धरून त्याचा हात हलवला, स्वतः मात्र मान फिरवून बसली. मी जिन्यात थांबून डोळे पुसले आणि उतरले. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनचा पहिला पाण्याचा फवारा काचेवर पडला आणि माझ्या हातांना सगळं आठवलं. सकाळी मधेच फोन वाजला. नणंद.

"ओव्हन डावीकडे जास्त तापतो म्हणजे किती जास्त?"

"ट्रे फिरवा, ताई. दारावर आहे."

"दारावर 'मधेच' लिहिलंय. मधेच म्हणजे कधी?"

"वास सुटला की."

"वासाला घड्याळ असतं होय?" असं म्हणून तिनेच फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मुंगी नवऱ्याच्या खांद्यावर बसली होती, हनुवटी स्वच्छ, मान स्वच्छ. मी तिचा शर्ट वर करून पोट पाहिलं. पोटही स्वच्छ. ती गुदगुल्या समजून खिदळली. नणंद अजून गेली नव्हती. स्वयंपाकघरात कपाट उघडं टाकून उभी होती. दारावर तिच्या सुबक अक्षरातली कार्डं, खालून वर. सगळ्यात खालच्याला लाल चिमटा. तो नवीन आणला असावा. त्या कार्डावर केळ्याचा एक मोठा, ओला, तपकिरी अंगठा उमटला होता.

तिच्या हातात फडकं होतं. हात सवयीने कार्डाकडे गेला आणि मधेच थांबला. ती तशीच उभी राहिली.

"हे राहू दे ना?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"राहू दे."

"'पहिला घास चावून थुंकला, दुसरा गिळला' असं कडेला लिहिलंय मी. तुझ्यासारखं बारीक नाही जमलं."

मी कार्ड वाचलं. मोठ्या अक्षरात, ओळ सोडून लिहिलं होतं. नखांतली काचेची भुकटी धुवायला मी नळाकडे वळले. फोटो अजून तसाच आहे, खाली लोक अजून हसतायत, आणि काय झालं ते तिने तिथे लिहिलेलं नाही. ते मी विसरलेले नाही. तिला चहा विचारला नाही.

"उद्या वेळेवर या," एवढंच म्हटलं.